भाऊ अमेरिकेतून गांजाचं तेल आणतोय, येऊ देऊ का?

पत्र:

माझी आई ६४ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, आता तो पाठीच्या कण्यात उतरलाय. केमो चालू आहे. पाठीच्या दुखण्यामुळे तिला आडवं होता येत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भिंतीला टेकून बसते. जेवण दोन-चार घासांवर आलंय. डॉक्टरांनी ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्यात, पण त्यानं घटकाभरच बरं वाटतं.

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिथे गांजाचं तेल, गोळ्या सगळं दुकानात मिळतं. पुढच्या महिन्यात येताना तो टिंक्चरच्या दोन बाटल्या आणि गमीजचा, म्हणजे गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्यांचा, एक डबा आणणार आहे. तिथल्या डॉक्टरांचं पत्रही घेतो म्हणतो. मामांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, ते काशीला निघालेच आहेत, तिथल्या सरकारमान्य दुकानातून भांग आणतील. आणि मला स्वतःला एका साइटवर ‘विजया’ तेल दिसलं, फोनवर वैद्यांशी बोललं की घरपोच देतात. यातलं काय कायद्यात बसतं? आईचं दुखणं यानं थांबेल का? आणि तिकडे चालतं ते आपल्याकडे मरणाच्या वेदनेतल्या माणसालाही का चालू नये?

एक मुलगी, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

कायद्याचं सगळं सांगते, पण त्याआधी एक गोष्ट आजच लक्षात ठेवा. कॅन्सर कण्यात उतरलेल्या माणसाच्या पायातली ताकद अचानक कमी झाली, पाय जड किंवा बधिर वाटायला लागले, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि उपचाराला उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही. घरात आईजवळ जे कोणी असतं त्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. मी वकील आहे, डॉक्टर नाही. रुग्णांच्या कायदेशीर अडचणींवर गेली अनेक वर्षं काम करताना वेदनाशमनाच्या डॉक्टरांबरोबर बसून जे शिकले, त्या आधारावर वैद्यकीय बाजू मांडते. त्यावरचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

भावाला सांगा, आणू नकोस. हे मी अगदी ठामपणे सांगते आहे.

आपला अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, १९८५ सालचा. त्याच्या कलम ८ प्रमाणे गांजा, चरस वगैरे बाळगणं, विकणं, देशात आणणं या सगळ्याला बंदी आहे. ‘वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी’ तेवढी सूट आहे, तीही नियमांनी आणि परवान्यानं ठरवून दिलेल्या पद्धतीनं. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांचं पत्र म्हणजे आपल्याकडचा परवाना नव्हे. खरं तर तिकडेही ते प्रिस्क्रिप्शन नसतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं तिथल्या डॉक्टरांना गांजा लिहून देता येत नाही, म्हणून ते फक्त शिफारस करतात. कॅलिफोर्नियानं १९९६ साली मतदान घेऊन रुग्णांना जी मुभा दिली ती त्या राज्यापुरती आहे. गांजा घेऊन देशाची सीमा ओलांडणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानंही गुन्हाच. म्हणजे तुमचा भाऊ विमानात बसतानाही अडचणीत आणि मुंबईला उतरतानाही.

शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, चरस १०० ग्रॅमपर्यंत. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापुढे, ‘व्यापारी प्रमाण’ गाठेपर्यंत, १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. हे आकडे ऐकून भाऊ म्हणेल, माझ्याकडे किलोभर गांजा कुठे आहे? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. झाडापासून काढलेला घट्ट अर्क, ज्याला हशिश ऑइल म्हणतात, तो कायद्यात गांजात मोजत नाहीत, चरसमध्ये मोजतात. आणि २०२० साली हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की मिश्रण असेल तर फक्त अमली अंशाचं वजन धरायचं नाही, अख्ख्या मिश्रणाचं धरायचं. गमीजच्या डब्यात साखर आणि जिलेटिनच जास्त असतं, अमली अंश असतो काही मिलिग्रॅम. पण तराजूवर साखरेसकट सगळं चढतं. दोन बाटल्या आणि एक डबा मिळून १०० ग्रॅम व्हायला कितीसा वेळ लागतो? मालाची नोंद थेट टीएचसी म्हणून झाली, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या नावानं, तर हद्दी याहूनही खाली येतात. नेमकी वर्गवारी काय, यावर कोर्टात वाद घालता येईल, पण तो वाद होईपर्यंत माणूस कुठे असेल याचा विचार करा. ‘आईसाठी आणलं’ हे न्यायाधीश कदाचित सहानुभूतीनं ऐकतील, विमानतळावर मात्र ते कारण चालत नाही. आणि कलम २९ प्रमाणे मागवणाराही आणणाऱ्याइतकाच जबाबदार धरला जाऊ शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. केमोच्या तारखा सांभाळणारी एकुलती एक मुलगी कोर्टाच्या तारखा सांभाळत बसली तर आईकडे कोण बघणार?

मामांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो समजून घ्यायला हवा. कायद्यात ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग एनडीपीएसबाहेर राहिली आणि तिचा कारभार राज्यांकडे गेला. उत्तर प्रदेश आणि राजस्थान तिला परवाने देतात, त्यामुळे काशीच्या गल्लीत दुकानावर ‘सरकारी भांग’ अशी पाटी दिसते. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम ६६ खाली परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, घेणं हा गुन्हा आहे. काशीच्या दुकानाची पावती सांगलीत परवाना ठरत नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी मामांना नकोच म्हणेन. पोटात घेतलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात. अर्ध्या तासात काहीच वाटलं नाही म्हणून घरचे प्रेमानं आणखी एक चमचा देतात आणि मग दोन्ही मात्रा एकदम अंगावर येतात. कुठल्या गोळ्यात टीएचसी किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ६४ वर्षांची बाई, दोन-चार घासांवर जगणारी, केमोनं थकलेली. तिला भोवळ आली, घाबरंघुबरं झालं, रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, तर कॅन्सरनं पोखरलेला मणका त्या एका पडण्यानं मोडू शकतो.

राहिलं विजया तेल. तिघांत कायद्याच्या जवळ हेच आहे. आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात आणि जातिफलादि चूर्णासारख्या जुन्या औषधांत भांग आहेच. औषधं व सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई(१). भांगेची पानं त्या यादीत आहेत. म्हणजे परवानाधारक आयुर्वेदिक कारखान्यानं पानांपासून केलेलं औषध, नोंदणीकृत वैद्यांच्या चिठ्ठीवर, असा एक मार्ग कायद्यानं मोकळा ठेवलाय. पण त्या नावाखाली बाजारात जे जे विकलं जातं ते सगळं या मार्गावरचं नाही. घ्यायचंच ठरलं तर बाटली हातात घेऊन लेबल वाचा. आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकद्रव्यांत विजया, झाडाचा भाग म्हणून पानं, आणि ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना इंग्रजीत व हिंदीत, एवढं तरी असलंच पाहिजे. टीएचसी आणि सीबीडी (याच झाडातला, पण नशा न आणणारा घटक) किती मिलिग्रॅम आहे याचा त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. द्यायला कां-कूं केली तर तिथेच थांबा. चिठ्ठी आणि बिल फाइलमध्ये जपून ठेवा. हेम्प सीड ऑइल नावाचं बियांचं तेल मिळतं ते वेगळं. २०२१ पासून ते खाद्यपदार्थ म्हणून मान्य आहे, जवसाच्या तेलासारखं खायचं तेल, वेदनेशी त्याचा संबंध नाही. कोणी ते औषध म्हणून चढ्या भावानं गळ्यात मारत असेल तर ती फसवणूक समजा.

आणि फोनवरच्या वैद्यांनी आईचे रिपोर्ट मागितले का? केमोत कोणती औषधं चालू आहेत, यकृताच्या तपासण्या कशा आहेत, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारलं का? सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांवर परिणाम करतं, त्यांच्यावरच बाकीची पुष्कळ औषधं अवलंबून असतात. ते न विचारता ‘दिवसातून दोनदा पाच थेंब’ सांगणाऱ्या माणसाच्या हाती आई देऊ नका. कॅन्सरच्या डॉक्टरांपासून तर हे मुळीच लपवू नका, रागावतील या भीतीनंही नाही. आणि हे तेल कॅन्सरची गाठ विरघळवतं असं सांगणारे व्हिडिओ भाऊ पाठवत असेल तर तेवढे पुसून टाका. माणसात तसं घडल्याचा पुरावा नाही. अशा व्हिडिओंच्या नादानं केमो सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुखणं थांबेल का, हा तुमचा खरा प्रश्न. गांजापासूनच्या औषधांचा भक्कम पुरावा आज आहे तो लहान मुलांच्या काही दुर्धर मिरगींमध्ये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या द्राव्हे सिंड्रोम या अशाच एका मिरगीच्या अभ्यासात शुद्ध सीबीडी घेणाऱ्या मुलांचे मोठे झटके महिन्याला १२.४ वरून ५.९ वर आले, साधं सरबत घेणाऱ्यांचे जवळपास होते तिथेच राहिले. त्यावरून २०१८ मध्ये अमेरिकेत एपिडिओलेक्स हे औषध मंजूर झालं. तिथली मात्राही बघा: शरीराच्या दर किलोला दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम. बाजारातल्या बाटलीत एकूण १००० मिलिग्रॅम असेल तर ती फार तर पाच दिवस पुरते. पाच थेंबांत काय येत असेल, ते यावरून ताडून बघा. कॅन्सरच्या वेदनेचं चित्र इतकं आशादायक नाही. टीएचसी आणि सीबीडी अर्धं-अर्धं असलेला तोंडात मारायचा स्प्रे काही देशांत मिळतो. मॉर्फिनसारख्या औषधांनीही वेदना न आवरणाऱ्या कॅन्सर रुग्णांवर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि मुख्य कसोटीवर तो साध्या स्प्रेपेक्षा सरस ठरला नाही. केमोच्या मळमळीवर मात्र टीएचसीसारख्या औषधांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन ही दोन औषधं अमेरिकेत त्यासाठीच मंजूर झाली, १९८५ साली. आपण एनडीपीएस कायदा केला तेच हे वर्ष.

म्हणजे तुम्ही तिघं ज्या वस्तूसाठी एवढी जोखीम घ्यायला निघाला आहात, ती आईच्या पाठीसाठी सर्वांत चांगली वस्तू नाहीच. सर्वांत चांगली वस्तू सांगली-मिरजेपासून फार लांब नसावी, कायदेशीर आहे, स्वस्त आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. तोंडानं घ्यायचं मॉर्फिन.

ते अजून कोणी सुचवलं नाही याचं मला वाईट वाटतं, आश्चर्य मात्र वाटत नाही. अफूची कायदेशीर शेती करणारा आपला देश, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ती पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ साली अवघा १८ किलो उरला. शंभर कोटींच्या आसपास लोकसंख्येला १८ किलो! कायद्यात मॉर्फिनला वैद्यकीय मुभा तेव्हाही होती. पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे, एकाच साठ्यासाठी चार-पाच परवाने, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडायचा नाही. चूक झाली तर किमान १० वर्षं सक्तमजुरीची टांगती तलवार होती, म्हणून औषधविक्रेत्यांनी ठेवणंच बंद केलं. डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिन न वापरताच शिकली आणि निवृत्तीला आली. केरळचे वेदनाशमनाचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरली, देशभर एकच नियम आला, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेलं हॉस्पिटल ती ठेवू शकतं, अशी व्यवस्था झाली. अशा हॉस्पिटलला आरएमआय म्हणतात, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था.

‘तिकडे चालतं ते आपल्याकडे का नाही’ याचं उत्तर मला याच गोष्टीत दिसतं. आई घेते ती ट्रामाडॉलची गोळीही २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखालीच आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? तरी ती चिठ्ठीवर मिळते, कारण चिठ्ठीपासून दुकानापर्यंतचा रस्ता नियमांत आखलेला आहे. गांजासाठी कलम ८ मध्ये वैद्यकीय कारणाची जागा आहे, कलम १० प्रमाणे राज्यांना नियम करता येतात, पण रुग्णाच्या हातात तपासलेलं, मोजलेलं औषध पडेल असा रस्ता कोणी आखलेला नाही. आंतरराष्ट्रीय करारांकडे बोट दाखवायचीही सोय नाही. १९६१ च्या करारात वैद्यकीय वापराला मनाई नाही. २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्यावर मतदान झालं, २७ विरुद्ध २५ मतांनी ठराव संमत झाला, आणि त्या २७ मध्ये भारत होता. ज्या देशानं बाहेर ते मत दिलं त्यानं घरात नियम लिहायला काय हरकत आहे? या झाडाच्या औषधी वापराची आधुनिक नोंद तर आपल्याच भूमीवर झाली. १८३९ साली कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी धनुर्वातावर आणि लहान बाळाच्या आकडीवर भांगेचा अर्क वापरून निबंध लिहिला, आणि युरोपातल्या डॉक्टरांना हे औषध माहीत झालं ते तिथून. आज जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत मिरगी, कॅन्सर आणि नसांच्या दुखण्यासाठी गांजावर संशोधन चालू आहे. ते रुग्णापर्यंत यायला हवं.

नुसतं ‘कायदेशीर करा’ म्हणून काम भागत नाही, हेही जगानं दाखवलंय. ब्रिटननं १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना गांजाची औषधं लिहून द्यायची परवानगी दिली. पण सरकारी आरोग्यसेवेत ती फार थोड्यांना मिळाली, बाकीचे पदरचे पैसे मोजून खासगी दवाखान्यात जातात. थायलंडनं २०२२ मध्ये सगळंच मोकळं सोडलं, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चिठ्ठीची अट घालावी लागली. मला हवा आहे तो २०१४ च्या मॉर्फिनसारखा बदल: ठरावीक आजार, ठरावीक औषधं, प्रशिक्षित डॉक्टर, एक मान्यता, जिल्हा रुग्णालयात साठा. एनडीपीएस कायदा केंद्राच्या अर्थ मंत्रालयातल्या महसूल विभागाकडे आहे. तुमच्यात कधी बळ आलं तर तिथे एक पत्र लिहा, तुमच्या आईची एक रात्र जशीच्या तशी लिहून. मॉर्फिनचा कायदा बदलला त्यातही रुग्णांच्या घरच्यांच्या अशा हकिगतींचा वाटा होता.

पण आधी आई.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशमन आणि परिहार सेवा, हा विभाग ज्या हॉस्पिटलात आहे तिथे तिला दाखवा. ही सेवा शेवटच्या आठवड्यातच घ्यायची असा समज आहे तो मनातून काढा, केमो चालू असतानाच ती घ्यायची असते. मिरज-कोल्हापूरच्या कॅन्सर रुग्णालयांत आणि तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथे विनामूल्य सेवा मिळते. परळच्या टाटा रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे. जाताना निदानाचे कागद, शेवटचा स्कॅन, चालू औषधांची यादी, अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि आधार कार्ड घ्या. किडनी कमी काम करत असेल तर मॉर्फिनची मात्रा किंवा औषधच बदलावं लागतं, म्हणून तो रिपोर्ट हवा. त्याआधी तीन-चार दिवस एका वहीत दुखणं लिहा: शून्य ते दहात किती, कुठल्या वेळी, आडवं होताना जास्त की हलताना, गोळीनं किती वेळ उतरलं. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘रात्री अकराला आठ, गोळीनंतर पाच, एक वाजता पुन्हा आठ’ हे वाचून डॉक्टरांना मात्रा ठरवता येते.

साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास चालते, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते, दुखायला लागण्याची वाट बघायची नसते. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून झोपतानाची मात्रा बहुधा वाढवून देतात. मध्येच कळ आली तर द्यायची जादा मात्रा वेगळी लिहून घ्या. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होईल, ती ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. या एका कारणानं पुष्कळ लोक मॉर्फिन मध्येच सोडतात. गोळ्या कुलपात ठेवा, उरल्या तर परत हॉस्पिटलला द्या, आणि चिठ्ठीची प्रत पर्समध्ये असू द्या. कोणी विचारलंच तर त्या चिठ्ठीनं तुम्ही पूर्ण कायद्यात आहात.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. कण्यातल्या त्या जागेवर रेडिएशन देता येईल का? हाडातल्या दुखण्यासाठी कित्येकदा एकाच दिवसाचा एकच डोस पुरतो. आणि भुकेसाठी ओलान्झापिन चालेल का? पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत केमो चालू असलेल्या फुप्फुसाच्या आणि पोटातल्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज अवघी अडीच मिलिग्रॅम गोळी बारा आठवडे दिली. घेणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, न घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. हीच गोळी मळमळीवरही चालते आणि रात्री दिली तर झोपेलाही मदत होते. गमीजमध्ये भाऊ जे शोधतोय त्यातलं बरंच या स्वस्त गोळीत आहे, आणि हा अभ्यास २०२३ साली आपल्याच देशातून आलाय.

भावावर रागावू नका. तेरा-चौदा हजार किलोमीटरवरून आईसाठी काहीतरी घेऊन यावं असं त्याला वाटतं, त्यामागची तळमळ खरी आहे. त्याला दुसरं काम द्या. पॅलिएटिव्हच्या पहिल्या भेटीच्या वेळी तो इथे असेल अशी तारीख घ्या, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याला लिहू द्या, आणि असेल तेवढे दिवस रात्रीच्या गोळ्यांचा गजर त्याच्याकडे सोपवा. तुम्हाला कितीतरी दिवसांत सलग झोप मिळालेली नसणार.

आई मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरेल. नातेवाईकांतलं कोणीतरी ‘हे शेवटचं औषध असतं’ असं म्हणेलच. तिला सांगा, दुखणं आहे म्हणून हे औषध आहे, दुखणं कमी झालं की डॉक्टर मात्राही हळूहळू कमी करतात. योग्य देखरेखीखाली वेदनेसाठी घेणाऱ्या कॅन्सर रुग्णाला त्याचं व्यसन लागणं फार विरळा, आणि नीट बेतानं वाढवलेल्या मात्रेनं आयुष्य कमी होत नाही.

उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन कराल तेव्हा ‘तुमच्याकडे पॅलिएटिव्ह आहे का’ एवढंच विचारून ठेवू नका. आरएमआय मान्यता आहे का, तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या आज साठ्यात आहेत का, आणि बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, हे तीनही विचारा. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले तर जवळचं कुठलं हॉस्पिटल देतं, तेही त्यांच्याकडूनच घ्या आणि लगेच तिकडे फोन लावा.